कॅल रॉलीचं कीपिंग आणि एमव्हीपीची मतं

२०२५ च्या नोव्हेंबरात बेसबॉलच्या अमेरिकन लीगचा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सगळ्यात मोलाचा खेळाडू, म्हणून न्यूयॉर्कच्या यांकीजच्या अ‍ॅरन जजचं नाव जाहीर झालं आणि आमच्या सिएटलमध्ये तो विषय काही केल्या संपत नाहीये. ऑफिसात, जिममध्ये, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेतसुद्धा. कारण आमच्या मरिनर्सचा कॅल रॉली दुसरा आला. माझं मत आधीच सांगून टाकतो, एमव्हीपी रॉलीलाच मिळायला हवं होतं, आणि हे मी फक्त इथे राहतो म्हणून म्हणत नाहीये.

तिकडे भारतात बेसबॉल फारसं कोणी बघत नाही म्हणून थोडक्यात सांगतो. मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर म्हणजे पूर्ण सीझनचा मानाचा किताब, आणि तो ठरवतात बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार. लीगमध्ये १५ टीम, प्रत्येक शहरातले दोन पत्रकार, म्हणजे ३० मतं. प्रत्येकाने दहा नावं क्रमाने लिहायची, पहिल्याला १४ पॉइंट, दुसऱ्याला ९, मग ८, ७ असं खाली. मतं प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्या, सुरू व्हायच्या आधीच द्यावी लागतात. आणि मजा म्हणजे व्हॅल्युएबल कोणाला म्हणायचं याची पक्की व्याख्या नाही, ते मत देणाऱ्याने ठरवायचं असं पत्रकारांना दिलेल्या सूचनांमध्येच लिहिलंय! टीमसाठी खेळाडू किती मोलाचा, बॅटिंग आणि फिल्डिंग दोन्ही कशी, किती मॅच खेळला, स्वभाव, निष्ठा, मेहनत, एवढं बघा म्हणतात. पण कशाला किती वजन द्यायचं ते कोणीच सांगत नाही.

आता आकडे. जजची अ‍ॅव्हरेज .३३१ (म्हणजे साधारण हजार वेळा बॅटिंग केली तर ३३१ हिट), सगळ्या मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकन आणि नॅशनल लीग मिळून, सगळ्यात जास्त, आणि वर ५३ होमरन, आपल्या सिक्ससारखे. रॉलीची अ‍ॅव्हरेज .२४७, पण होमरन ६०! मेजर लीगच्या इतिहासात एका सीझनमध्ये ६० होमरन मारणारा तो फक्त सातवा, आणि त्यात कॅचर, म्हणजे बेसबॉलचा विकेटकीपर, हा एकटाच. आधीचा कॅचरचा रेकॉर्ड ४८ चा होता, साल्व्हाडोर पेरेझचा, २०२१ मधला. केन ग्रिफी ज्युनियरचा मरिनर्ससाठीचा ५६ चा रेकॉर्डपण गेला, आणि ग्रिफी म्हणजे इथे दैवत आहे. ५९ वा आणि ६० वा एकाच रात्री मारला आणि त्याच रात्री टीमने २००१ नंतर पहिल्यांदा डिव्हिजन (लीगमधला आपला गट) जिंकली, त्या दिवशी इथे लोक काय ओरडत होते ते शब्दांत सांगता येणार नाही.

आमच्या ऑफिसच्या टीममधले एक सिनियर मूळचे न्यूयॉर्कचे, लंचला ते शांतपणे एकच विचारतात, बॅटिंगमध्ये जज पुढे आहे की नाही? आहे, निर्विवाद आहे. घरी मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही होमरन मोजत बसू नका, वॉर बघा. वॉर म्हणजे विन्स अबव्ह रिप्लेसमेंट, म्हणजे हा खेळाडू काढून त्याच्या जागी सहज मिळेल असा साधा खेळाडू ठेवला तर टीम किती मॅच कमी जिंकेल त्याचा हिशोब. बेसबॉल रेफरन्स या साइटच्या वॉरमध्ये जज रॉलीच्या दोनाहून जास्त विन्सने पुढे आहे. पण फॅनग्राफ्सच्या वॉरमध्ये तोच फरक साधारण एक विनचा होतो. खेळाडू तेच, सीझन तोच, मग एवढा फरक कुठून आला, तर त्याचं एक मोठं कारण म्हणजे फॅनग्राफ्स कॅचरचं फ्रेमिंग, म्हणजे काठावरचा बॉल अंपायरला चांगला वाटावा असा पकडायची कला, धरतं आणि बेसबॉल रेफरन्स धरत नाही.

माझा सगळा मुद्दा इथेच आहे. कॅचर आपल्या विकेटकीपरसारखाच, पण बॉलरने कुठला बॉल टाकायचा हेही बहुतेक वेळा त्यानेच सांगायचं. धोनी स्टंपमागून काय काय करायचा ते स्कोअरकार्डवर कुठे दिसायचं? तसंच. मला एकदा प्लेटच्या, म्हणजे बॅटिंगच्या जागेच्या, जवळची सीट मिळाली होती तेव्हा मी बॅट्समन सोडून नुसता रॉलीकडे बघत बसलो. गुडघ्यावर बसायचं, पिचकॉम नावाच्या यंत्राचं बटण दाबून पिचरला, म्हणजे बॉलरला, बॉल सांगायचा, मग ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास येणारा बॉल घ्यायचा, तोही असा की गुडघ्याच्या जरा खाली आलेला बॉल ग्लव्ह किंचित वर उचलत घ्यायचा म्हणजे अंपायरला तो स्ट्राइक, म्हणजे बॅट्समनच्या विरुद्ध मोजला जाणारा नीट टप्प्यातला बॉल, वाटावा. ग्लव्ह दोन-तीन इंच हलतो, बस. तेवढ्याने टप्प्याबाहेरच्या बॉलचा स्ट्राइक होतो आणि पिचरचं अख्खं गणित बदलतं. हे एका मॅचमध्ये शंभराहून जास्त वेळा, मध्ये बॉल मांडीवर खांद्यावर आदळतो, आणि मग हातात बॅट घेऊन उभं राहायचं. आणि तो डावा उजवा दोन्ही हातांनी बॅटिंग करतो, म्हणजे प्रॅक्टिसपण डबल.

असं करून तो १५९ मॅच खेळला, त्यातल्या १२० च्या आसपास कॅचर म्हणून. जज १५२ खेळला, पण जुलैअखेर कोपर दुखावल्यावर परत आला तो काही आठवडे नुसता बॅटिंगलाच. त्याचा दोष नाही त्यात, पण मोल मोजताना हे धरायला नको का?

डिव्हिजन जिंकली म्हणून रॉलीला द्या, हा युक्तिवाद मात्र मला पटत नाही, आणि इथे पुष्कळ जण तोच करतात. २०१२ मध्ये डेट्रॉइटच्या मिगेल कॅब्रेराने ४४ होमरन, १३९ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेले रन), .३३० अशी ट्रिपल क्राउन केली, म्हणजे तिन्हींत लीगमध्ये पहिला, १९६७ नंतर पहिलीच, आणि ३० नाही तर तेव्हाच्या २८ मतांतली २२ घेऊन गेला. एंजल्सचा माइक ट्राउट वॉरमध्ये कितीतरी पुढे होता, धावायला, फिल्डिंगला जबरदस्त, ४९ बेस चोरलेले (म्हणजे हिट नसताना पळून पुढचा बेस गाठलेला). तेव्हा बरेच जण म्हणाले की कॅब्रेराची टीम प्लेऑफला गेली ना. अहो, पण एंजल्स ८९ मॅच जिंकले होते आणि डेट्रॉइट ८८! फक्त डिव्हिजन वेगळी म्हणून एक आत आणि एक बाहेर. यात ट्राउटचा काय संबंध? टीमच्या नशिबावर खेळाडू मोजायचा नाही, मग तो माझ्या शहराचा असला तरी.

तेव्हा जे ट्राउटच्या बाजूने बोलत होते त्यांचं म्हणणं हेच होतं की नुसती बॅटिंग बघू नका, पूर्ण खेळ बघा. मला ते शंभर टक्के मान्य आहे, आणि तोच नियम २०२५ ला लावला तर कॅचरचं काम पूर्ण मोजलंच पाहिजे. २०१२ मध्ये नॅशनल लीगचा बस्टर पोझी, त्यानंतर एकाही कॅचरला एमव्हीपी मिळालेलं नाही. इतक्या वर्षांत एकही कॅचर त्या लायकीचा नव्हता, की त्यांचं काम मोजायची पद्धतच अपुरी आहे?

निकाल होता १७ विरुद्ध १३ पहिली मतं, ३५५ पॉइंट आणि ३३५. आकडेमोड केली तर कळतं की तिसांच्या तीसही जणांनी पहिले दोन हेच लिहिले होते, फक्त क्रम उलटसुलट. म्हणजे फक्त दोघांनी वरखाली केलं असतं तर ३४५-३४५ अशी बरोबरी झाली असती. त्या सतरा जणांपैकी किती जणांनी फ्रेमिंग धरलं होतं, हे मला त्यांना एकदा समोर बसून विचारायचंय.