तुम्ही विचारलंत म्हणून: लिनक्सवर आवाज एवढा बारीक का येतो?

‘तुझं ते लिनक्स छान आहे गं, पण आवाज एवढा बारीक का येतो?’

हा प्रश्न मला हळदीकुंकवात विचारला गेलाय, लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय आणि एकदा तर रक्त तपासायला रांगेत बसले असतानाही. चूक माझीच. मी पोटापाण्यासाठी भाषांतरं करते, पण हौस म्हणून ओळखीच्यांच्या जुन्या, रखडणाऱ्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकून देते. टाकून दिलं की पुढची सगळी दुखणी माहेरी यावीत तशी माझ्याकडे येतात. त्यात आवाजाचं दुखणं पहिल्या नंबरचं. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

सुरुवात डोंबिवलीच्या काकूंपासून करते, कारण मला हे समजावून सांगायची रीत त्यांनीच दिली. काकू आईच्या शेजारच्या. वय पंचाहत्तरच्या पुढे. दुपारी डेस्कटॉपवर कीर्तन लावून भाजी निवडत बसतात. एक दिवस त्यांचा फोन आला, ‘अगं, बुवांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय. खाली कोपऱ्यातला तो भोंगा शंभरावर आहे, स्पीकरचं बटणही पुरतं फिरवलंय.’

मी म्हटलं, ‘काकू, काळी खिडकी उघडा.’ टर्मिनलला, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीला, आमच्यात काळी खिडकी म्हणतात. त्यात इंग्रजीत, सगळं लहान लिपीत आणि मध्ये जागा न सोडता ‘अल्सामिक्सर’ लिहून एंटर मारायला सांगितलं.

‘खांब दिसतायत का?’

‘एक दिसतोय. खाली हिरवा, मध्ये पांढरा, टोकाला लाल.’

एकच खांब दिसणं ही या खेळातली नेहमीची चकवणारी जागा. बहुतेक लोक इथेच ‘सगळं शंभरावर आहे की’ म्हणून खिडकी बंद करतात. पण तो एक खांब म्हणजे कोपऱ्यातल्या भोंग्याचाच दुसरा चेहरा असतो. वरच्या डाव्या कोपऱ्यात कार्डाचं नाव बघितलं तर तिथे पाइपवायर किंवा पल्सऑडिओ लिहिलेलं असतं, म्हणजे आवाज सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं नाव. हे खरं साउंडकार्ड नव्हे. खऱ्या कार्डापर्यंत जायला एफ-सहा दाबावं लागतं. मग एक छोटी यादी येते आणि त्यातून ‘एचडीए इंटेल’ अशा धर्तीचं नाव निवडायचं असतं.

काकूंनी निवडलं. ‘अगो बाई, आता ओळच्या ओळ आली.’

मास्टर पूर्ण वर होता. हेडफोनही वर. त्याच्या शेजारचा ‘फ्रंट’ नावाचा खांब जेमतेम बोटभर. फ्रंट म्हणजे मागच्या हिरव्या भोकातून स्पीकरला जाणारी वाट. बाण-कळीने तिथे जाऊन वरचा बाण दाबत राहा म्हटलं. फोनवर मला बुवांचा आवाज विहिरीतून अंगणात आलेला ऐकू आला. काकू म्हणाल्या, ‘म्हणजे नळ उघडाच होता, गच्चीवरचा कॉक बंद होता म्हण की!’

यापेक्षा नेमकं मला आजवर सांगता आलेलं नाही.

सोसायटीत पाणी कसं येतं? गच्चीवर टाकी, टाकीला एक कॉक, प्रत्येक मजल्याच्या लाइनला एक, घरात बाथरूमच्या वर एक आणि मग नळ. कुठलाही एक कॉक अर्धवट असला की नळ कितीही पिळा, धार बारीकच. लिनक्सच्या आवाजाचंही तेच. व्हिडिओच्या खिडकीतली पट्टी हा एक कॉक. ब्राउझरचा म्हणून एक वेगळा. मग सगळ्या डेस्कटॉपचा. त्याखाली कार्डाचे स्वतःचे तीन-चार, आणि शेवटी स्पीकरवरचं बटण. विंडोजमध्येही असे बरेच कॉक असतात, पण तिथे कार्ड बनवणाऱ्यांच्या ड्रायव्हरने, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामने, ते आधीच नीट लावलेले असतात. लिनक्समध्ये मात्र हजारो तऱ्हेच्या कार्डांचा अंदाज बांधावा लागतो आणि अधूनमधून तो चुकतो.

एवढे मजले झाले कसे, हेही सांगते. पूर्वी लिनक्समध्ये आवाजासाठी ओएसएस नावाची व्यवस्था होती. १९९८ च्या सुमारास यारोस्लाव्ह किसेला यांनी अल्सा या नव्या व्यवस्थेचं काम सुरू केलं आणि २००३ च्या शेवटी आलेल्या २.६ कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ओएसएसच्या जागी अल्सा बसलं. अल्साचा संबंध थेट हार्डवेअरशी. पण गाणं चालू असताना चॅटची टिंगही वाजली पाहिजे, एकाचा आवाज कमी आणि दुसऱ्याचा जास्त करता आला पाहिजे, हेडफोन घातला की चालू गाणं तिकडे वळलं पाहिजे, हे सगळं बघायला वर कुणीतरी हवं होतं. ते काम लेनार्ट पॉटरिंग यांच्या पल्सऑडिओने अंगावर घेतलं. फेडोरा आणि उबुंटू हे मिंटसारखेच लिनक्सचे प्रकार; २००७ मध्ये ते फेडोरात आलं, २००८ मध्ये उबुंटूत. त्या काळात आवाजाची कुठलीही तक्रार घेऊन जा, उत्तर ठरलेलं असे: ‘पल्सऑडिओ काढून टाका.’ मीही दोन-तीनदा काढलं, आणि दरवेळी पस्तावून परत घातलं. माझ्या मते त्याला जरा जास्तच शिव्या बसल्या. खालच्या ड्रायव्हरमधली भोकं त्याच्यामुळे पहिल्यांदा उघडी पडली, एवढाच बऱ्याचदा त्याचा गुन्हा होता. आता त्याची जागा विम टायमन्स यांच्या पाइपवायरने घेतली आहे. फेडोरात ते २०२१ पासून आहे, उबुंटूत २०२२ च्या ऑक्टोबरपासून. नावातच पाइप आहे हे काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘मग, मी काय वेगळं म्हणत होते?’

तर आवाज बारीक झाला की मी कॉक वरून खाली तपासत जाते. आधी पाव्हूकंट्रोल, म्हणजे आवाजाच्या सगळ्या पट्ट्या एकत्र दाखवणारा प्रोग्राम. मिंटमध्ये किंवा उबुंटूत ते बऱ्याचदा आपसूक नसतं, सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घालावं लागतं. गाणं चालू ठेवून त्यातला प्लेबॅकचा पहिला टॅब उघडायचा. तिथे सध्या आवाज करणारा प्रत्येक प्रोग्राम स्वतःच्या पट्टीसकट दिसतो. निम्मी दुखणी इथेच संपतात, कारण कधीतरी कुणीतरी ब्राउझरची पट्टी तीस टक्क्यांवर आणलेली असते आणि यंत्रणेने ती इमानदारीने लक्षात ठेवलेली असते. गाणं थांबवलं की ती ओळच गायब होते, म्हणून गाणं चालू हवं. शेवटच्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये आवाज नक्की कुठल्या वाटेने चाललाय ते कळतं. एचडीएमआयने मॉनिटर जोडलेला असेल तर आवाज खुशाल मॉनिटरकडे गेलेला असतो, आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो.

एवढ्यावर भागलं नाही तर काळी खिडकी. खांबाच्या तळाशी दोन शून्यं दिसली तर तो चालू, एम-एम दिसलं तर मुका. एम दाबून मुका खांब बोलका करायचा. आणि बाण दाबत अगदी उजवीकडच्या टोकाला गेलात तर ‘ऑटो-म्यूट मोड’ भेटेल. हेडफोन घातला की स्पीकर आपोआप बंद करणारा तो. जोडून घेतलेल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये पुढच्या पॅनेलची वायर काही वेळा मदरबोर्डवर जुन्या पद्धतीच्या जोडणीची असते. मग पुढे काही खोचलेलं नसतानाही कार्डाला वाटतं हेडफोन लावलाय, आणि मागचे स्पीकर कायमचे गप्प. मी एका मशीनवर दोनदा लिनक्स पुन्हा टाकलं होतं, तेव्हा कुठे हे लक्षात आलं. ऑटो-म्यूट डिसेबल्ड केलं आणि दोन सेकंदांत गाणं सुरू. त्या दोन संध्याकाळी मला कुणी परत देणार नाही.

खांब जागेवर बसवले आणि मशीन पुन्हा सुरू केल्यावर परत घसरले, तर काळ्या खिडकीत आधी सुडो लावून, म्हणजे मशीनच्या मालकाचा अधिकार घेऊन, ‘अल्साकंट्रोल स्टोअर’चा हुकूम द्यायचा. टाइप करताना तो अल्साच्या स्पेलिंगला मागून चिकटून सी-टी-एल, जागा, स्टोअर असा होतो. मग खांबांची ती मांडणी डिस्कवर लिहिली जाते.

आता दीडशे टक्क्यांबद्दल, कारण विचारणाऱ्यांपैकी अर्ध्या लोकांना खरं म्हणजे तेवढंच हवं असतं. मिंटच्या साउंड सेटिंग्जमध्ये कमाल आवाज दीडशेपर्यंत नेता येतो. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये ओव्हर-अँप्लिफिकेशनचं बटण आहे. पाव्हूकंट्रोलची पट्टी तर १५३ पर्यंत जाते. हा आकडा विचित्र वाटतो, पण तिथे बरोबर अकरा डेसिबल होतात. हे टक्के सरळ गुणाकाराचे नाहीत. पन्नास टक्के म्हणजे मूळ लहरीच्या निम्मं नव्हे, आठवा भाग. कान असाच ऐकतो, म्हणून पट्टी घनाच्या हिशोबाने चालते. शंभर म्हणजे जसं रेकॉर्ड झालं तसं. दीडशे म्हणजे दीडाचा घन, जवळजवळ ३.४ पट. आता ज्या गाण्यातला तबला आधीच काठापर्यंत भरलेला आहे त्याला ३.४ पट केलं तर तो जाणार कुठे? काठावर कापला जातो, आणि आवाज फाटतो. पालिकेच्या लाइनला थेट मोटर लावून पाणी ओढलं की नळातून पाण्याबरोबर हवाही फसफसत येते, तसलाच हा प्रकार. हळू आवाजात रेकॉर्ड झालेलं एखादं व्याख्यान असेल तर दीडशे खुशाल करा, तिथे काठापर्यंत पुष्कळ जागा रिकामी असते. गाण्यांसाठी करू नका.

‘पण याच लॅपटॉपवर विंडोजमध्ये मोठा येत होता.’ हो, येत होता, आणि तुम्ही खोटं बोलत नाही. पातळ लॅपटॉपचे स्पीकर अंगठ्याएवढे. ते दमदार वाटावेत म्हणून कंपनी विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये बरीच रंगरंगोटी करते, म्हणजे हळू आवाज उचलायचा, मोठा दाबायचा, बोलण्याची पट्टी पुढे आणायची. लिनक्समध्ये तुम्हाला तो स्पीकर मेकअपशिवाय भेटतो. काही नव्या लॅपटॉपमध्ये तर स्पीकरला वेगळी अँप्लिफायरची चिप असते, आणि तिचा ड्रायव्हर किंवा फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्राम, नसेल तर आवाज पातळ किंवा काहीच नाही. अशा वेळी आधी नवं कर्नल घालून बघावं. मेकअप हवाच असेल तर ईझीइफेक्ट्स नावाचा प्रोग्राम घाला. त्यात कंप्रेसर लावला, त्याच्यामागे लिमिटर ठेवला, तर हळू बोलणं वर येतं आणि तबला काठाच्या आत राहतो. मी स्वतः एवढ्या दोनच गोष्टी लावते. त्यातली वीस इफेक्ट्सची जत्रा एकाच वेळी चालू करणारे लोक मी पाहिलेत. मग त्यांना सगळेच गायक बाथरूममध्ये गातायत असं वाटतं.

भोंग्यावर फुली आणि यादीत ‘डमी आउटपुट’ दिसत असेल तर पट्ट्यांशी खेळत बसू नका. तिथे पाणीच आलेलं नाही. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपना साउंड ओपन फर्मवेअर लागतं आणि ते नसलं की हे होतं. डेबियन या लिनक्सच्या आणखी एका प्रकाराने २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली. त्याआधी ते शोधून घालावं लागे.

ब्लूटूथचं थोडक्यात. मीटिंग सुरू झाली की हेडफोनचा आवाज अचानक डब्यातून आल्यासारखा होतो, कारण माइक चालू झाला की जोडणी गाण्याच्या प्रोफाइलवरून फोनच्या प्रोफाइलवर जाते. माइक लॅपटॉपचा निवडा आणि हेडफोन फक्त ऐकायला ठेवा.

आणि सगळंच अडकल्यासारखं वाटलं तर मशीन बंद करायची घाई नको. फोनवर मी हे असं सांगते: ‘सिस्टिम-सीटीएल, जागा, दोन डॅश चिकटून यूजर, जागा, रीस्टार्ट, मग पाइपवायर, पाइपवायर-डॅश-पल्स, वायरप्लंबर.’ आधी सुडो लावायचा नाही. हा आपल्या स्वतःच्या लॉगिनचा कारभार आहे, सुडो लावला की हुकूम भलत्याच घरी जातो. वायरप्लंबर म्हणजे नावाप्रमाणेच प्लंबर, कुठली पाइप कुठे जोडायची ते ठरवणारा.

हेडफोन घातलेले असताना मात्र यातलं काही करू नका. मी पल्सऑडिओच्या जमान्यात रात्री बारा वाजता केलंय. तेव्हा फ्लॅट व्हॉल्यूम नावाची एक सोय असायची: एका प्रोग्रामची पट्टी मुख्य पट्टीच्या वर ओढली की मुख्यही तिच्याबरोबर वर जायची. ते मला माहीत नव्हतं. एका छोट्या खिडकीतली पट्टी सहज टोकाला नेली आणि तंबोऱ्याने कानाखाली जाळ काढला. पाइपवायरमध्ये ती भानगड नाही, पण सवय म्हणून मी अजूनही हेडफोन आधी टेबलावर काढून ठेवते.

तर यापुढे मला विचारायचं असेल तर जरूर विचारा, फक्त ‘आवाज येत नाही’ एवढंच लिहू नका. अल्सामिक्सर उघडा, एफ-सहा दाबून खरं कार्ड निवडा आणि स्क्रीनचा फोटो पाठवा. वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या कार्डाच्या आणि चिपच्या ओळी फोटोत आल्या पाहिजेत. काकू हल्ली तसाच पाठवतात. मागच्या आठवड्यात आलेल्या फोटोत सगळे खांब नीट होते, सगळीकडे दोन-दोन शून्यं होती. मी अर्धा तास डोकं खाजवलं. मग त्यांचाच मेसेज आला, ‘राहू दे गं, स्पीकरची पिन मांजराने काढली होती.’