हुतात्म्यांची स्टेशनं आणि अर्धा पाइंट

डब्लिनच्या चौथ्या सकाळी आम्ही दोघं सामानासकट चुकीच्या स्टेशनावर जाऊन उभे राहिलो. कॉर्कची गाडी सुटते ह्यूस्टन स्टेशनावरून आणि आम्ही कॉनलीवर. गावातलं मोठं स्टेशन तेच, म्हणून गाडीही तिथूनच, असं नवऱ्याने धरून टाकलं होतं. लुआस नावाची ट्राम आहे, तिची लाल लाइन ही दोन्ही स्टेशनं जोडते, म्हणून वाचलो. दरवाजे बंद व्हायला तीन-चार मिनिटं असताना डब्यात शिरलो. तुम्ही जाल तेव्हा एवढं पाठ करून ठेवा: कॉर्क आणि गॉलवेसाठी ह्यूस्टन, बेलफास्टसाठी कॉनली.

आयरिश रेलचं तिकीट ऑनलाइन आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं, शिवाय सीटच्या वर छोट्या पट्टीवर तुमचं नाव झळकतं. आपलं आडनाव तिथे बघून नवऱ्याची धाप ओसरली. मग मी फोनवर शोधत बसले, हे ह्यूस्टन कोण आणि कॉनली कोण?

एप्रिल 1916 मध्ये ईस्टरच्या सोमवारी डब्लिनमध्ये ब्रिटिशांविरुद्ध उठाव झाला. पॅट्रिक पिअर्सने मुख्य टपाल कचेरीसमोर स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला, आठवड्याच्या आत उठाव मोडला आणि मे महिन्यात पिअर्ससकट म्होरक्यांना गोळ्या घातल्या गेल्या. 1966 साली, उठावाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, देशातल्या 15 स्टेशनांना या माणसांची नावं दिली. शॉन ह्यूस्टन तर रेल्वेतच कारकून होता, आणि आज त्याचं नाव मिरवणाऱ्या स्टेशनात त्याने नोकरी केली होती. त्याच 1916 च्या एप्रिलमध्ये टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली. ‘होमरूल’ हा शब्दही आयरिश चळवळीकडूनच आपल्याकडे आलेला.

त्यामुळे डब्लिनमध्ये एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर बहुतेक म्होरक्यांना जिथे गोळ्या घातल्या तो किलमेनम तुरुंग बघा. बुक ऑफ केल्स या जुन्या चित्रमय हस्तलिखिताची रांग आणि गिनेस बिअरचं स्टोअरहाउस त्यानंतर. (स्टोअरहाउसच्या वरच्या मजल्यावरून शहर छान दिसतं आणि आर्थर गिनेसने 1759 साली 9000 वर्षांच्या कराराने जागा घेतली हे ऐकून पुणेकर भाडेकरूला भरून येतं. बाकी ती जाहिरातच आहे, तीही तिकीट काढून बघायची.) तुरुंगात फक्त गाइडबरोबरच सोडतात. तिकिटं 28 दिवस आधी ऑनलाइन खुली होतात आणि भराभर संपतात. आम्हाला मिळाली नव्हती. पण रद्द झालेली तिकिटं त्याच दिवशी सकाळी पुन्हा साइटवर येतात, तेव्हा दोन हाती लागली.

आत दगड फोडायच्या अंगणात दोन काळे क्रूस आहेत. एका टोकाला तेरा जणांना मारलं. दुसऱ्या टोकाला एकट्या जेम्स कॉनलीला, कारण जखमी असल्यामुळे त्याला उभं राहता येत नव्हतं. त्याला आत आणलं आणि खुर्चीला बांधून गोळ्या घातल्या. तोवर डब्लिनची बरीच जनता उठाववाल्यांवर चिडलेलीच होती, शहर जळालं म्हणून. या शिक्षांनी वारं फिरलं. तुरुंगाच्या चॅपेलमध्ये उठावातल्याच जोसेफ प्लंकेटने ग्रेस गिफर्डशी लग्न केलं आणि काही तासांतच त्याला गोळ्या घातल्या. हे सांगताना गाइड थांबला, तेव्हा आमच्या घोळक्यातलं कोणीच खोकलंसुद्धा नाही.

आता पबविषयी, कारण तुम्ही त्यासाठीच वाचत असणार. नवरा दारूला शिवत नाही, मला अर्धा पाइंट पुरतो. अर्ध्या पाइंटला तिथे ‘ग्लास’ म्हणतात, नुसतं ‘अ ग्लास ऑफ गिनेस’ म्हणा. पबमध्ये चहाही मिळतो आणि तो मागितला म्हणून कोणी भुवया उंचावत नाही. मात्र टेबलावर आणून ठेवताना दर वेळी गिनेस याच्यापुढे आणि चहा माझ्यापुढे! तिसऱ्या दिवसापासून आम्ही काही न बोलता अदलाबदल करायला लागलो.

टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका, काउंटरवर जाऊन मागायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. गिनेस दोन टप्प्यांत ओततात. मध्ये ग्लास तसाच ठेवून देतात, तेव्हा तो उचलू नका. गप्पा मारता मारता कोणी तुमच्यासाठी मागवलं तर पुढची फेरी तुमची, हे तिथे न सांगता ठरलेलं असतं. टेंपल बार भागात संध्याकाळी एक चक्कर मारा, फोटो काढा आणि प्यायला दुसरीकडे जा. तिथे पाइंटला नऊ-दहा युरो जातात, दहा मिनिटं चाललात की सहा-सात. आम्हाला बॅगट स्ट्रीटवरचं टोनर्स आवडलं. तिथे दाराजवळ लाकडी आडोशाची छोटी खोली आहे, तिला स्नग म्हणतात. पूर्वी बायकांनी उघड्यावर बसून पिणं बरं दिसत नसे, म्हणून ही सोय.

शाकाहारी मंडळींनो, गिनेसमध्ये आता माशाचा अंश वापरत नाहीत. पण भाज्यांच्या सूपला चिकनचं पाणी असू शकतं, तेवढं विचाराच. आणि पबची स्वयंपाकघरं नऊच्या सुमारास बंद होतात. आपल्या सवयीने साडेनऊला जेवायला निघालात तर चिप्सच्या पाकिटावर झोपाल.

एका पबमध्ये शेजारच्या आजोबांनी विचारलं, भारतात कुठून? महाराष्ट्र म्हणताच ते म्हणाले, “म्हणजे लिओचं गाव!” लिओ वराडकर दोनदा पंतप्रधान झाले आणि त्यांच्या वडिलांचं गाव मालवणजवळचं वराड. आम्ही कोकणातले नाही, हे सांगायचं दोघांच्याही जिवावर आलं.

कॉर्कच्या स्टेशनाचं नाव केंट. थॉमस केंटला डब्लिनमध्ये नाही, कॉर्कमध्येच मारलं आणि तो तिथल्या तुरुंगाच्या आवारात पुरलेला होता. 2015 साली त्याचा सरकारी इतमामात अंत्यविधी झाला. शहरात इंग्लिश मार्केट आहे, 1788 पासूनचं, दुपारचं जेवण तिथेच उरका. शँडनच्या चर्चमध्ये दोऱ्या ओढून आपल्याला घंटा वाजवू देतात. नवऱ्याने जे वाजवलं त्याबद्दल कॉर्ककरांची माफी. सिटी हॉलशी मात्र रेंगाळलो. इथले महापौर टेरेन्स मॅक्स्विनी लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात 74 दिवस उपोषण करून 1920 मध्ये गेले. नऊ वर्षांनी लाहोरच्या तुरुंगात जतीन दास 63 दिवसांच्या उपोषणानंतर गेले, तेव्हा मॅक्स्विनींच्या घरच्यांनी भारतात तार पाठवली होती.

केंटहून पंचवीस मिनिटांच्या लोकलने कोव्हला जा. ‘टायटॅनिक’चा शेवटचा थांबा हाच, 11 एप्रिल 1912. सगळे तेवढ्यासाठीच येतात, पण धक्क्यावरचा ॲनी मूरचा पुतळा जास्त वेळ बघा. ही आयरिश पोरगी दोन धाकट्या भावांना घेऊन इथून निघाली आणि 1 जानेवारी 1892 रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर, स्थलांतरितांच्या नव्या नाक्यावर, सगळ्यांत आधी उतरली. 1845 च्या सुमारास बटाट्याचं पीक बुडून दुष्काळ पडला, तेव्हापासून शंभर वर्षांत या एका बंदरातून सुमारे 25 लाख माणसं गेली. 1841 साली अख्ख्या आयर्लंड बेटावर ऐंशी लाखांवर वस्ती होती, ती अजूनही भरून आलेली नाही. त्या धक्क्यावर वारा इतका होता की आमची छत्री उलटी झाली ती झालीच. छत्री नेऊ नका, टोपीचं जॅकेट न्या.

कॉर्कच्या नैऋत्येला अहाकिस्ता गावी, 1985 साली समुद्रात कोसळलेल्या एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानातल्या 329 जणांचं स्मारक आहे. गाडी भाड्याने घ्यायला आम्ही घाबरलो आणि ते राहिलं. तुम्ही चालवत असाल तर जा, रस्त्याची बाजू आपलीच आहे.

बेलफास्टही राहिलं, कारण व्हिसा. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसात, नाही, वेगळा व्हिसा लागतो. बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत येतं आणि सीमेवर कोणी अडवत नसलं तरी कागद लागतोच. भारतीयांना काही अल्पमुदतीच्या व्हिसांवर ब्रिटन-आयर्लंड दोन्हीची परवानगी मिळते. तो शेरा आपल्या व्हिसावर आहे का ते आधी बघा. आमच्यावर नव्हता.

कॉर्क-गॉलवे थेट रेल्वे नाही, 51 नंबरची बस घ्या. गॉलवेत संध्याकाळी क्रेन बारमध्ये बसलो. कोपऱ्यात वादक एकेक येऊन बसतात, स्टेज नाही की माइक नाही. त्यांच्या खुर्च्यांवर बसू नका आणि सूर लागला की बोलणं थांबवा, आपल्याकडच्या बैठकीसारखंच. एकाने इलन पाइप्स काढले, काखेतल्या भात्यावर वाजणारे. इथल्या स्टेशनाला ज्याचं नाव आहे तो एमन क्यांट हेच वाद्य वाजवायचा, 1908 मध्ये रोमला जाऊन त्याने पोपनाही ऐकवलं होतं.

गॉलवेहून डब्लिन विमानतळाला थेट बस आहे, तुम्ही तीच घ्या. आम्ही रेल्वेने गेलो, नवऱ्याचा हट्ट. क्यांट ते ह्यूस्टन. दोघांना एकाच पहाटे, 8 मे 1916 रोजी, त्या दगडांच्या अंगणात उभं केलं होतं. गाडीला अडीच तास लागतात.