बांधावरचं गाजर गवत

लातूरकडून आमच्या प्रयोगशाळेत आलेल्या भुईमुगाच्या नमुन्यावर 'शेंडेमर' असं एका विषाणूजन्य रोगाचं नाव आधीच लिहिलेलं होतं. शेंडा करपला की सगळे हेच लिहून मोकळे होतात, आणि याचा मला राग येतो. शेंडेमरीचं झाड शेंडा गेल्यावर बगलेतून फुटवे काढतं, खुजं आणि झुडपासारखं होतं. इथे फुटवे नव्हतेच. देठ आणि खोड वरून खाली काळं पडत गेलं होतं, आऱ्यांवरही, म्हणजे जमिनीत शिरून शेंग धरणाऱ्या देठांवरही, काळे डाग होते.

पाठवणाऱ्याने पानं वर्तमानपत्रात गुंडाळून बर्फाच्या डब्यात दिली होती, ही मोठीच गोष्ट. या विषाणूंचं जनुकीय द्रव्य म्हणजे आरएनए; तो सापडला तरच विषाणू ओळखता येतो, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घामेजलेल्या पानांतून तो धड निघत नाही. त्यातून भुईमुगाचं पान हट्टी. द्रव नायट्रोजनमध्ये खलताना पूड जरा वितळली की आरएनए तुटलाच; पानातली फिनॉलं द्रावण तपकिरी करतात आणि पुढच्या पीसीआरचं, म्हणजे जनुकाच्या असंख्य प्रती काढणाऱ्या चाचणीचं, विकर (एन्झाइम) अडवतात. म्हणून मी पेशी फोडणाऱ्या सीटॅबच्या द्रावणात फिनॉलं धरून ठेवणारं पीव्हीपी घालते, आणि तळाला बसलेला आरएनएचा साका पांढरा दिसेपर्यंत पुढे जात नाही. यात घाई करणाऱ्यांचे 'निगेटिव्ह' अहवाल मी मानत नाही.

शेंडेमरीच्या विषाणूचं न्यूक्लिओकॅप्सिड (आरएनएला वेढणाऱ्या प्रथिनाचं) जनुक ८३१ बेसचं, म्हणजे ८३१ अक्षरांचं; अशीच लक्षणं देणाऱ्या टोबॅको स्ट्रीक या दुसऱ्या विषाणूच्या आवरण-प्रथिनाचं ७१७ बेसचं. दोन्हींचे प्रायमर, म्हणजे नेमकं तेच जनुक हेरणारे छोटे तुकडे, लावले. तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर पट्टा उमटला तो सातशेच्या किंचित वर, म्हणजे टोबॅको स्ट्रीकचा. हाच तो विषाणू, ज्याने २००० च्या खरिपात आंध्र प्रदेशातल्या अनंतपूर जिल्ह्यात सव्वादोन लाख हेक्टर भुईमुगाला ग्रासलं आणि तीनशे कोटींहून जास्त नुकसान केलं. तिथेही आधी शेंडेमरच वाटली होती.

शेतावर गेले. एका बाजूला सूर्यफूल, बांधावर फुललेलं गाजर गवत, हिरवंगार, एक डाग नाही. भुईमूग धरून तिन्हींचे नमुने आणले. तिन्हींत तोच पट्टा. क्रमवाचन केलं तर आवरण-प्रथिनाचं जनुक तिन्हींत जवळजवळ अक्षर न अक्षर सारखं.

"मॅडम, पण आला कुठून हा?" शेताच्या मालक काकांनी विचारलं होतं. माझं मन तिथेच अडकलं आहे. क्रम इतका सारखा असला की कोणी कोणाला दिला हे जनुक सांगत नाही. ते फुलाने सांगितलं. हा विषाणू परागातून जातो. फुलकिडे अंगावर पराग घेऊन येतात, पान खरवडतात आणि त्या जखमेतून तो शिरतो. भुईमुगाचं फूल मिटलेल्या अवस्थेतच परागित होतं, त्याचा पराग सहसा बाहेर पडत नाही. म्हणजे रोगी भुईमूग उपटून काहीच थांबत नाही. साठा आहे तो गाजर गवतात आणि सूर्यफुलात.

अहवालाच्या छापील नमुन्यात 'आढळला' किंवा 'आढळला नाही' एवढेच रकाने. इतक्या कामाची किंमत एका बरोबरच्या खुणेत संपते, आणि शेतकऱ्याला हवं ते त्यात कुठेच बसत नाही. मी मागच्या कोऱ्या बाजूवर हाताने लिहिलं: गवत फुलण्याआधी काढा, पेरताना कडेने आडोसा म्हणून ज्वारीच्या दाट ओळी घ्या, सूर्यफुलाला खेटून भुईमूग नको. काकांना तोवर दुकानदाराने दोन महागड्या फवारण्या विकल्या होत्या. उभ्या पिकातल्या फवारणीने बांधावरचा पराग हलत नाही, मग ती कशाला, हे त्याला कोणी विचारत नाही.

"माझ्या बांधाचं मी काढतो," काका म्हणाले, "रस्त्याकडेचं कोण काढणार?" अहवालाची एक प्रत मी ग्रामपंचायतीला पाठवली आहे. उत्तर आलेलं नाही. पेरणीआधी पुन्हा पाठवणार आहे.