एवढी कडू बिअर चांगली कशी, असे तुम्ही विचारलेत म्हणून

हुरड्याच्या दिवसांत सोलापूरच्या आसपासच्या मळ्यांवर मंडळी जमली आणि पुण्याहून आलेल्या कोणी क्राफ्ट बिअरचे, म्हणजे छोट्या ब्रुअरीत केलेल्या बिअरचे, चार-सहा कॅन सोबत आणलेले असले, की एक प्रश्न हमखास माझ्याकडे येतो, कारण गेली बरीच वर्षे मी या बिअरविषयी वाचतो, बोलतो आणि ती आवडीने पितो हे सर्वांना ठाऊक आहे. प्रश्न असा असतो: ‘एवढी कडू बिअर चांगली कशी? आणि ती खरोखरच चांगली असेल, तर आम्हाला का आवडत नाही?’ विचारणारे कधी माझे मेहुणे असतात, कधी सूत रंगवण्याच्या आमच्या कारखान्यातले सहकारी. त्यामागोमाग दुसरी मागणी येते, की ‘मग तुम्हीच एक नाव सांगा, तेवढीच आणत जाऊ.’ ते एक नाव मी सांगत नाही. हॉप्सच्या बिअरमध्ये तुम्हाला काय आवडते आणि मला काय आवडते यांत खरा फरक असतो, तो माझ्या जाणकारीने मिटत नाही आणि मिटवूही नये, असे माझे ठाम मत आहे. मात्र ज्याला आपण आवडीचा फरक म्हणतो त्यातला बराच भाग आवडीचा नसतोच. तो बिअर शिळी झाल्याचा किंवा तापल्याचा असतो, आणि तेवढ्यापुरते ‘ज्याची त्याची आवड’ हे म्हणणे मला मान्य नाही.

हॉप्स म्हणजे एका वेलीच्या मादी झाडाची शंकूसारखी फुले. ही वेल थंड हवेची आहे. आपल्या देशात ती हिमाचल प्रदेशातील लाहौलच्या खोऱ्यात होते. फुलाच्या पाकळ्यांच्या तळाशी ल्युपुलिन नावाची पिवळी, चिकट भुकटी असते आणि बिअर करणाऱ्याला जे हवे असते ते बहुतेक सारे तिच्यातच असते. तिच्यातली अल्फा आम्ले माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, उकळत्या रसात तासभर राहिली की त्यांची रचना बदलते, ती रसात विरघळतात आणि कडूपणा येतो; तिच्यातलीच सुगंधी तेले मात्र त्या उकळण्याने उडून जातात. म्हणून कडूपणा हवा असेल तर हॉप्स सुरुवातीला घालतात, आणि वास हवा असेल तर अगदी शेवटी घालतात, किंवा आंबवण्याची क्रिया होत आल्यावर गार रसातच भिजत ठेवतात, ज्याला ड्राय हॉपिंग म्हणतात. याचा अर्थ असा, की ‘हॉपी’ या एकाच विशेषणाखाली भरपूर कडू पण वासाने शांत अशी बिअर बसते आणि जेमतेम कडू पण वासाने घर भरून टाकणारी बिअरही बसते. कडूपणा आयबीयू या एककात मोजतात. ढोबळमानाने एका लिटरमध्ये रचना बदललेले अल्फा आम्ल एक मिलिग्रॅम असेल तर एक आयबीयू. पण माल्टचा गोडवा जास्त असेल तर ६० आयबीयूची दाट काळी बिअर ४० आयबीयूच्या पिल्सनर या फिकट सोनेरी बिअरपेक्षा जिभेला सौम्य लागू शकते. त्यामुळे कॅनवरचा आकडा वाचूनच कॅन बाजूला सारणाऱ्यांना मी आधी एक घोट घ्यायला सांगतो.

आज आपण ज्यांना हॉपी क्राफ्ट बिअर म्हणतो त्यांची सुरुवात अमेरिकेत झाली. कॅस्केड ही हॉप्सची जात तिथे १९७२ मध्ये लागवडीसाठी खुली झाली आणि तिचा ग्रेपफ्रूटसारखा वास १९८० मध्ये कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पेल एलमुळे सर्वत्र पोहोचला. अमेरिकेच्या त्या पश्चिम किनाऱ्यावर पुढे जी आयपीए (इंडिया पेल एल, हॉप्स भरपूर घातलेला बिअरचा एक प्रकार) घडली, ती स्वच्छ, कोरडी, कडूपणा ठसठशीत ठेवणारी होती. नंतर देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हरमाँट राज्यात, ‘द अल्केमिस्ट’ या ब्रुअरीच्या हेडी टॉपरसारख्या बिअरपासून गढूळ दिसणारी, ओट्स आणि गव्हामुळे तोंडाला मऊ लागणारी, पिकलेल्या फळांच्या वासाची आयपीए वाढली, आणि २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशन या बिअर उत्पादकांच्या संघटनेने तिला स्वतंत्र प्रकार म्हणून आपल्या यादीत घेतले. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाल्यापासून आपल्या बाजूलाही ताजी बिअर मिळू लागली, आणि आता पुण्यात या दोन्ही धर्तीच्या आयपीए मिळतात. दोन माणसे ‘मला आयपीए आवडते’ असे एकमेकांना सांगतात आणि पहिल्याच ग्लासाला त्यांचे जमत नाही, याचे कारण बहुधा इथेच असते.

माझ्या मावसबहिणीचे आणि माझे असेच आहे. ती पुण्यात राहते, तिला गढूळ आयपीए मनापासून आवडते, आणि आंब्या-अननसाचा वास येणारी, कडूपणा मागे ठेवणारी बिअर तिला हॉप्सचे सर्वांत मोकळे रूप वाटते. मला तीच बिअर अर्ध्या ग्लासानंतर जड होते. घोट गिळल्यावर घसा स्वच्छ झाला पाहिजे आणि पुढच्या घोटाची ओढ लागली पाहिजे, ही माझी बिअरकडून पहिली अपेक्षा असते, आणि ते काम कडूपणा करतो. म्हणूनच १८४२ पासून चेक प्रदेशातल्या पिल्सेन गावात होत आलेली, साझ जातीच्या हॉप्सची, साधारण ४० आयबीयूची पिल्सनर मला कित्येक नव्या आयपीएंपेक्षा अधिक पूर्ण वाटते. बहीण म्हणते, की मी बिअरला फळासारखे असण्याची मुभाच देत नाही. तिचे म्हणणे मी खोडू शकत नाही, आणि तिचा ग्लास मला आवडतही नाही.

वासाच्या बाबतीत तर आपण लहानपणापासून काय हुंगत आलो यावर बरेच अवलंबून असते. हॉप्समध्ये लिनॅलूल नावाचे सुगंधी द्रव्य असते, आणि तेच आपल्या धन्यांच्या तेलातले मुख्य द्रव्य आहे. जेरॅनिऑलही असते, ज्यातून गुलाबाची आठवण होते. सोराची एस ही जपानमध्ये तयार झालेली जात लिंबासोबत चक्क शेपूचा वास देते. शेपूच्या भाजीवरून आपल्या घराघरांत दोन तट असतात, आणि माझ्या अनुभवात शेपू न खाणाऱ्या मंडळींनी सोराची एसचा ग्लास नुसता हुंगून परत ठेवला आहे. सब्रोमध्ये नारळ जाणवतो. समिट आणि कधी मोझॅक या जातींत कांद्या-लसणाची झाक येते. काहींना ती चवदार वाटते, काहींना पेयात ती सहनच होत नाही. सिट्रा आणि सिमको यांच्यात गंधकाची काही द्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात, आणि त्याच द्रव्यांतून एका माणसाला कृष्णफळ (पॅशन फ्रूट) जाणवते तर शेजारच्याला मांजराच्या मुताची आठवण होते. ज्याला तसे जाणवले त्याला ‘तुझे नाकच चुकते आहे’ असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. द्रव्य तिथे आहेच, आणि त्याने ते बरोबर ओळखले आहे.

जिभेचेही तसेच आहे. १९३१ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ पीटीसी नावाची पूड हाताळत असताना ती हवेत उडाली. जवळच्या सहकाऱ्याने तोंड कडूजहर झाल्याची तक्रार केली आणि फॉक्स यांना काहीच जाणवले नाही. हा फरक आनुवंशिक असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि त्यामागचे मुख्य जनुक २००३ मध्ये सापडले. माणसाच्या जिभेवर कडू चव टिपणारी सुमारे पंचवीस प्रकारची ग्राहके आहेत. हॉप्सचा कडूपणा पीटीसीच्या ग्राहकाने नव्हे, तर त्यांपैकी दुसऱ्याच तिघांनी टिपला जातो, त्यामुळे ‘पीटीसी कडू लागते म्हणून आयपीए आवडणार नाही’ असे सरळ गणित मांडता येत नाही. पण एकच घोट दोन जिभांना सारखाच कडू लागतो, असे गृहीत धरण्याचे कारण मात्र उरत नाही. माझ्या मेहुण्यांना कारल्याची भाजी आवडते आणि आयपीए सोसत नाही, यात मला कसलीही विसंगती दिसत नाही.

सवयीचा भाग थोडक्यात सांगतो. आपल्या परमिट रूममध्ये आणि बिअर शॉपीत जी जाते ती बहुतेक स्ट्राँग लागर असते. तिच्यात मद्यार्क अधिक, हॉप्स नावापुरते आणि चव गोडसर. तिच्यावर जीभ घडलेल्या माणसाला ६० आयबीयूचा पहिला घोट धक्का देणारच. कडू चवीची गोडी पुन्हा पुन्हा घेतल्याने लागते हे खरे असले, तरी ती लावून घेणे हे कोणाचे कर्तव्य नाही.

सोबत काय खाल्ले जाते, याने मात्र निकाल पालटतो, आणि सोलापुरात हा मुद्दा टाळताच येत नाही. इथे चकणा म्हणून कडक भाकरीसोबत शेंगाचटणी येते, आणि ती लसूण व लाल तिखट यांना मुळीच हात आखडता घेत नाही. आपल्या तोंडातले जे ग्राहक उष्णता टिपते तेच मिरचीचा जाळही टिपते. एरवी ते साधारण ४२ अंशांना जागे होते, मद्यार्काच्या सान्निध्यात ३४ अंशांच्या आसपासच जागे होऊ शकते. म्हणजे बिअरने तिखट शमते हा समज बरोबर नाही. ७ टक्के मद्यार्काची आयपीए चटणीचा जाळ वाढवते, आणि त्यात कडूपणा मिसळला की ज्याला तिखट सोसत नाही त्याला दोन्ही एकदम लागतात. उलट मीठ कडूपणा दाबते, म्हणून खारवलेल्या शेंगदाण्यांबरोबर तीच आयपीए पुष्कळ मवाळ होते. मला स्वतःला शेंगाचटणी आणि कोरडी, स्वच्छ आयपीए हे एकत्र फार आवडते, कारण शेंगांचे तेल तोंडात रेंगाळते आणि कडूपणा ते पुसून नेतो. पण पाहुण्याला मी आधी खारे दाणे देतो.

बर्फासारख्या गार बिअरबद्दलही बोलले पाहिजे. मे महिन्यात पारा ४० च्या वर गेलेला असताना ‘एकदम चिल्ड’ मागणाऱ्याला मी दोष देत नाही. मात्र २-३ अंशांना हॉप्सचा वास वर येत नाही, उरतो तो निव्वळ कडूपणा, आणि मग ‘हिच्यात कडूपणाशिवाय आहे काय?’ हा प्रश्न रास्तच ठरतो. ग्लास ८-१० अंशांवर येईपर्यंत थांबले तर तीच बिअर वेगळी होते.

आता ज्याला मी आवड मानत नाही त्याविषयी. हॉप्सचा वास हा बिअरमधला सर्वांत नाजूक भाग असतो. प्राणवायू आणि उष्णता यांच्यामुळे तो आधी मंदावतो, मग ओल्या पुठ्ठ्याची चव येते, गढूळ आयपीएचा सोनेरी रंग मळकट तपकिरी होतो, आणि कडूपणा राहिला तरी तो खरखरीत होऊन राहतो. बिअरच्या धंद्यात एक ठोकताळा सांगतात: ३२ अंशांवर ३ दिवस, २२ अंशांवर ३० दिवस आणि ३ अंशांवर ३०० दिवस यांत बिअर सारखीच म्हातारी होते. पुण्याहून आपल्याकडचे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. उन्हाळ्यात बंद गाडीच्या डिकीतून आलेला आणि नंतर दुकानात फ्रीजबाहेर रचलेला कॅन या हिशेबात कुठे बसतो, ते प्रत्येकाने स्वतःच पाहावे. उजेडाचा त्रास निराळा: हॉप्सची कडू द्रव्ये उजेडात फुटतात आणि अतिशय घाण वासाचे गंधकाचे द्रव्य तयार होते. तपकिरी बाटली ते बऱ्याच अंशी रोखते, हिरवी फारसे रोखत नाही, कॅनमध्ये तो प्रश्नच येत नाही. आमच्या कारखान्यात एकाच छटेचे सूत दोन लॉटमध्ये वेगळे उतरले, तर ग्राहकाला कोणता रंग आवडतो हे विचारण्याआधी आम्ही लॉट तपासतो. बिअरवर वाद घालणाऱ्यांनीही आधी कॅनच्या बुडावरची तारीख पाहावी, एवढेच माझे मागणे आहे. सहा महिने उन्हाळ्याच्या गोदामात राहिलेली आयपीए पिऊन ‘आयपीए वाईटच’ म्हणणाऱ्याने आयपीए अजून प्यायलेलीच नसते, आणि तीच बिअर ‘जरा मुरलेली, मस्त’ म्हणून मिटक्या मारत पिणाऱ्याला नावामुळे ती चांगली वाटत असते. या दोघांनाही मी स्पष्टपणे ‘नाही’ म्हणतो. ज्याने ती विकली त्याच्यावर राग धरावा, बिअरवर धरू नये.

म्हणून नाव विचारणाऱ्यांना मी तीन वेगळ्या बिअर आणायला सांगतो: एक पिल्सनर, एक स्वच्छ व कडू आयपीए, एक गढूळ आयपीए, तिन्ही गेल्या दोन महिन्यांत भरलेल्या, दुकानाच्या फ्रीजमधून उचलून बर्फाच्या पेटीतून घरापर्यंत आणलेल्या. कडू आयपीए सर्वांत शेवटी घ्यायची, नाहीतर तिच्या मागून येणारी प्रत्येक बिअर पाणचट लागते. थोडी थोडी काचेच्या ग्लासात ओतायची, कारण कॅनला तोंड लावून प्यायल्यास वास नाकापर्यंत पोहोचतच नाही. मग प्रत्येकाने काय जाणवले ते सांगायचे, आवडले की नाही ते त्यानंतर. मेहुण्यांनी अशा बैठकीत पिल्सनर निवडली आणि आता ते तीच घेतात. मावसबहिणीने गढूळ आयपीएच्या ग्लासातून मान वर केली नाही. सर्वांचे बोलून होईपर्यंत मी माझी पसंती सांगत नाही, कारण जाणकार म्हणून माझे मत आधी पडले की दोन-तीन जण आपल्या हातातला आवडता ग्लास खाली ठेवतात, आणि ते मला मुळीच नको असते.