शऽऽऽ

इंग्लंडात आमच्या घरापासून अर्ध्या तासावर क्रॅनफिल्डचा विमानतळ आहे. चारी बाजूंनी शेतं आणि मधे धावपट्टी. शिकाऊ वैमानिकांची चिटुकली विमानं तिथे दिवसभर घिरट्या घालत असतात. रजा असली की मी थर्मास घेऊन कुंपणाशी उभा राहतो. बायको याला रिकामटेकडेपणा म्हणते, इथले लोक स्पॉटिंग म्हणतात. दोन्ही बरोबर.

त्या दिवशी आवाज वेगळा आला. वर पंख, पंखांखाली चार लहान इंजिनं, पाय आखूड, आणि उतरताना शेपटीचं टोक दोन्हीकडे शेंगेसारखं उकललेलं. बीएई १४६! आखूड धावपट्ट्यांसाठी, लहान गावांसाठी बनवलेलं प्रवासी जेट. भूतानची ड्रुक एअर पारोच्या खोऱ्यात हेच उतरवायची. पण या विमानाच्या अंगाला नळ्या, पंखांखाली डबे. आयसीयूतून सलाइनसकट उठून आल्यासारखं दिसत होतं.

शेजारच्या म्हाताऱ्याने वहीत वेळ टिपली आणि म्हणाला, “हे पहिलं.”

मला वाटलं, त्याचं आजचं पहिलं. तसं नव्हतं. बीएई १४६ जातीच्या सगळ्या विमानांमधलं पहिलं!

घरी येऊन मी त्याची कुंडली काढली. हॉकर सिडली या ब्रिटिश विमान कंपनीने १९७३ मध्ये हे विमान जाहीर केलं, तेवढ्यात तेलाचे भाव भडकले, मंदी आली आणि आराखडे फडताळात गेले. ते १९७८ मध्ये पुन्हा बाहेर निघाले. ३ सप्टेंबर १९८१ ला हॅटफिल्डहून पहिलं उड्डाण झालं. इंजिनं इतकी शांत, की नोंदणीची अक्षरंही तशीच घेतली: जी-एसएसएसएच. म्हणजे चक्क ‘शऽऽऽ’! इंग्रजांचा विनोद हा असा, सरकारी कागदावर गंभीर चेहऱ्याने केलेला.

पुढे कंपनीला लांब विमान हवं होतं. नवं कशाला, म्हणून यालाच कापून मधे तुकडे जोडले. २६ मीटरचं विमान ३१ मीटरचं झालं आणि १९८७ मध्ये पुन्हा ‘पहिल्यांदा’ उडालं. कारखान्याचा क्रमांक ई१००१ होता, तो ई३००१ झाला. नावही बदललं: जी-एलयूएक्सई. लक्स म्हटलं की मला रात्री दहाला दादरहून सुटणारी लक्झरी आठवते, ते असो.

माझी आजी माहेरची यमुना. लग्नात आजोबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने ‘सुशीला’ लिहिलं आणि यमुना संपली. सत्तरीतही कुणी माहेरचं माणूस “यमे” म्हणालं, की तिची मान झटकन वळायची. कुंपणाशी ‘शऽऽऽ’ म्हटलं तर हे वळेल का, असा एक येडचाप विचार माझ्या मनात येऊन गेला.

२००४ पासून हे विमान हवामानशास्त्रज्ञांकडे आहे. प्रवाशांच्या जागी उपकरणांची कपाटं आणि फार तर १८ शास्त्रज्ञ. समुद्रावर ते ५० फुटांपर्यंत खाली उतरतं. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानसेवा कोलमडली, तेव्हा राख मोजायला हे गेलं होतं.

आणि २०१६ च्या पावसाळ्यात ते भारतात होतं! लखनौ आणि बंगळूरमध्ये मुक्काम टाकून, भारतीय शास्त्रज्ञांच्या साथीने, ते मान्सूनचे ढग आणि वारे मोजत फिरलं. अरबी समुद्रावरही गेलं. म्हणजे आमच्या कोकणात यायला निघालेला पाऊस याने वाटेतच गाठून तपासला असणार.

हे सगळं मी रात्री फोनवर आईला सांगितलं. आई पंचांग बघून पाऊस ठरवणारी. नक्षत्राचं वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असलं की खूश, कोल्हा निघाला की काळजीत. तिने सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे त्या साली मृगाचं वाहन विमान होतं म्हण की,” ती म्हणाली, “आणि आमच्या पंचांगात कुणी छापलं नाही ते!”