वहीतला दुसरा रकाना

अपस्मारावरच्या उपचाराचे यश संशोधनात बहुधा एकाच कसोटीवर ठरते: फिट्सची संख्या निम्म्याने किंवा अधिक घटली तर रुग्णाने प्रतिसाद दिला, नाहीतर नाही. नागपुरात धंतोलीतल्या माझ्या ओपीडीत उमरेडकडच्या एका गावाहून जी मुलगी येते, ती या कसोटीवर सतत नापास होत आली होती. अनेक औषधे होऊनही तिच्या फिट्स आटोक्यात आल्या नव्हत्या, आणि शस्त्रक्रियेने काढता येईल असा एकच दोषी भाग तिच्या मेंदूत नव्हता. म्हणून तिला व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेटर बसवला होता.

छातीत डाव्या बाजूला कातडीखाली एक छोटे यंत्र असते आणि त्याची तार मानेतल्या डाव्या व्हेगस नसेभोवती, म्हणजे मेंदूला छाती-पोटाशी जोडणाऱ्या नसेभोवती, गुंडाळलेली असते. डावीच नस निवडतात, कारण हृदयाच्या ठोक्यांची गती ठरवणाऱ्या केंद्राशी उजव्या नसेचा संबंध अधिक. साधारण दर पाच मिनिटांनी तीस सेकंद सौम्य विद्युत्प्रवाह मेंदूच्या दिशेने जातो. माणसात हे यंत्र प्रथम 1988 साली बसवले गेले आणि अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने 1997 साली त्याला मान्यता दिली. मान्यतेमागच्या मोठ्या चाचणीत पुरेसा प्रवाह मिळालेल्या गटात फिट्स सरासरी 28 टक्के घटल्या; नाममात्र प्रवाहाच्या गटातही त्या 15 टक्के घटल्या होत्या. यंत्र दोन्ही गटांना बसवलेच होते, पण प्रवाह सुरू होताच घशात जाणवतो आणि आवाज घोगरा होतो, त्यामुळे आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णापासून लपवणे सोपे नसते.

मुलीच्या आईच्या वहीत दोन रकाने होते. पहिल्यात फिटची तारीख आणि दुसऱ्यात फिट थांबल्यापासून मुलगी पाणी मागेपर्यंतचा वेळ. हा दुसरा रकाना मी सुचवलेला नव्हता. यंत्र बसल्यानंतर पहिला रकाना फारसा बदलला नाही, दुसरा मात्र हळूहळू तासाभरावरून वीस मिनिटांच्या आसपास आला. मला तेव्हा तो बदल खराच वाटला, पण एका आईच्या वहीवरून कोणी निबंध छापणार नाही, हेही माहीत होते. वय वाढते तसा आजारही बदलतो आणि आशेने पाहणारी नजर घड्याळही थोडे उदारपणेच वाचते.

त्या दिवशी बऱ्याच महिन्यांच्या खंडानंतर त्या दोघी आल्या. "मॅडम, पोरीचा आवाज आता एकदम मोकळा झाला," आई आनंदाने म्हणाली, आणि लगेच वही पुढे करून, "पण मिरगी आली का पुन्हा तासभर उठतच नाही. चुंबक फिरवते, तरी काही फरक नाही. माझ्याच हातून उशीर होते का?"

यंत्रावरून चुंबक फिरवला की ठरलेल्या वेळेची वाट न पाहता एक जादा झोत मिळतो. तो मिळत नाही आणि आवाजही बसत नाही, ही दोन वाक्ये एकत्र ऐकल्यावर मी प्रोग्रामर, म्हणजे बाहेरून यंत्र तपासण्याचे उपकरण, मागवला. तपासणीची कांडी छातीवर धरली तरी यंत्राने उत्तर दिले नाही; बॅटरी संपली होती. औषधांत मधल्या काळात काहीही बदल नव्हता. म्हणजे आईला कळल्याशिवाय उपचार बंद पडला होता, आवाज मोकळा झाल्याचे ती शुभलक्षण समजत होती, आणि तरीही तिचा दुसरा रकाना पुन्हा तासावर गेला होता. पहिल्या रकान्याकडे पाहून कुणालाही काही वेगळे घडल्याची शंका आली नसती.

फिटची तीव्रता आणि चुंबकाचा उपयोग जमेस धरणारी मॅकह्यू वर्गवारी 2007 सालापासून उपलब्ध आहे, तरी निम्म्याची कसोटीच अजून सर्वत्र चालते, कारण संख्या मोजणे सोपे. एका मुलीवरून सिद्धान्त मांडता येत नाही, पण नवे यंत्र बसवण्याचा खर्च करायचा की नाही, या प्रश्नाचे उत्तर मला तिच्यापुरते मिळाले. तार शाबूत असली तर बहुधा छातीतले यंत्रच बदलावे लागते. प्रवाह मात्र पुन्हा कमी पातळीपासून टप्प्याटप्प्याने वाढवायचा, असे मी आईला सांगितले, आणि आवाज परत बसेल हेही. तिने विचारले, "किती दिवसांनी बसेल?" आणि वहीत तिसरा रकाना आखला.