नाल्याकाठचा दगड

अहवालाच्या छापील कागदावर मी लिहिले : ‘अपघात – नाही. किरकोळ जखम – एक, तळपायाला काप.’ खाली सही केली. त्यात खोटे काहीच नव्हते. तरीही व्हॅली ऑफ फ्लॉवर्समधला गेल्या ऑगस्टमधला तो दिवस अजून माझ्या मनातून जात नाही, कारण त्या दिवशी जिच्यावर मी सकाळपासून डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले होते ती व्यक्ती धोक्यात नव्हतीच. जे धोक्यात सापडले, त्यांना ‘तुम्ही व्हा पुढे’ असे मीच सांगितले होते.

उत्तराखंडमधल्या चमोली जिल्ह्यातल्या या राष्ट्रीय उद्यानात महाराष्ट्रातून येणारे गट घेऊन जाण्याचे काम मी गेली काही वर्षे करते आहे. वाट दाखवणे आणि फुलांची नावे सांगणे एवढेच ते काम असावे, असा लोकांचा समज असतो. वाट चुकण्यासारखी नाहीच; खरे काम असते ते घड्याळ सांभाळण्याचे. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यापासून इथे गुरे चारायला बंदी आहे आणि मुक्कामही करता येत नाही, त्यामुळे सकाळी ७ वाजता फाटकातून आत गेलेल्या माणसाने संध्याकाळी ५ च्या आत बाहेर यायचे, या एका नियमाभोवती सगळा दिवस बेतावा लागतो. सुमारे ३,०५० मीटरवरच्या घांघरियातून निघाले की पुष्पावती नदीच्या पुलापर्यंत उतरायचे, पुलानंतर भूर्जवृक्षांच्या रानातून दम काढणारा चढ चढायचा, आणि मग दरी एकदम समोर उघडते. उद्यानात घोडी-खेचरे सोडत नाहीत. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी एकच सोय आहे, ती म्हणजे कंडी : माणूस बसेल एवढी टोपली पाठीवर घेऊन, तिचा भार कपाळावरच्या पट्ट्यावर तोलत कंडीवाला चढ चढतो. हे काम करणारे बहुतेक नेपाळी आहेत. त्या पट्ट्याला ते नाम्लो म्हणतात, आणि वाटेत टोपली टेकवून श्वास घेण्यासाठी हातात जी इंग्रजी टी अक्षरासारखी काठी असते तिला टोकमा.

आमच्या गटात बारा जण होते. त्यांतल्या अकरा जणांची मला काळजी नव्हती. बाराव्या म्हणजे काकू, वय अडुसष्ट, वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. चढावर त्यांना धाप लागत असे, म्हणून पुलापासून वरपर्यंतच्या चढासाठी त्यांनी कंडी ठरवली होती. कंडीवाल्याला आम्ही सगळे दाजू म्हणत होतो. याआधी तीन वेळा ते माझ्या गटाबरोबर आले होते, आणि चढाव्यतिरिक्त त्यांच्याशी माझे कधी फारसे बोलणे झाले नव्हते.

वर पोहोचल्यावर काकू कंडीतून उतरल्या आणि चालू लागल्या, म्हणजे दर दहा पावलांवर थांबू लागल्या. मध्य ऑगस्टमध्ये व्हॅलीचा मोठा भाग उंच गुलाबी फुलांनी भरलेला असतो. ती आपल्या तेरड्याच्याच भावकीतली. काकूंनी एका पिकत आलेल्या बोंडाकडे बोट केले, त्याला नुसते नख लागताच बोंड फुटले, त्याच्या सालीच्या पट्ट्या गुंडाळल्या गेल्या आणि बिया त्यांच्या चष्म्यावर येऊन आदळल्या. पुढे वाटेच्या कडेला पॉलिगोनमचे दाट रान लागले. चराई बंद झाल्यानंतर ही वनस्पती इथे कशी फोफावली, वनविभागाला दरवर्षी माणसे लावून ती का उपटावी लागते, आणि गुरांना बाहेर काढणे हेच फुलांचे रक्षण, असे समीकरण मांडणे किती घाईचे होते, हे त्यांनी इतक्या पोटतिडकीने सांगितले की माझ्याबरोबर मागे राहिलेले तिघे वह्या काढून लिहून घेऊ लागले. मला ते ऐकायचे होते आणि मी घड्याळाकडे पाहत होते. काकूंना जोन मार्गारेट लेग यांच्या थडग्यापर्यंत जायचे होते. वनस्पती गोळा करायला आलेल्या या बाई ४ जुलै १९३९ रोजी इथल्याच उतारावरून घसरून मृत्युमुखी पडल्या. काकू त्यांच्याविषयी कित्येक वर्षे वर्गात सांगत आल्या होत्या, आणि आयुष्यात एकदा तिथे उभे राहायचे, एवढीच त्यांची इच्छा होती.

पुढच्या आठ जणांना मात्र थांबणे जड जात होते. त्यांतला एक मॅरेथॉन धावणारा मुलगा तर दर वळणावर येऊन विचारत होता, “ताई, आम्ही जरा पुढे जाऊन फोटो काढू का?” शेवटचा माणूस पोहोचल्याशिवाय कोणीही नाला ओलांडायचा नाही, हा माझा नियम आहे, आणि मी तो सकाळी सगळ्यांना ऐकवलाही होता. तरी साडेदहाच्या सुमाराला मी आमच्या सहायकाला, भ्यूंडार गावच्या तरुणाला, त्या आठ जणांबरोबर पुढे जाऊ दिले, कारण काकूंच्या वेगामुळे कोणी नाराज होऊ नये असे मला वाटले. तो विचार मला आजही बोचतो. नाराजीच्या भीतीपोटी नियम वाकवणारे लीडर मी पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी कडक शब्दांत बोललेही आहे.

थडग्याच्या अलीकडच्या नाल्याशी आम्ही ११.३५ ला पोहोचलो, तेव्हा ते नऊही जण पलीकडे होते. त्यांनी ओलांडला तेव्हा पाणी घोट्याच्या जरा वर होते, असे सहायकाने नंतर सांगितले. माझाही हिशेब तसाच होता. हिमनदीतून येणारा नाला पहाटे आणि सकाळी कमी असतो, उन्हाने बर्फ वितळेल तसा दुपारनंतर चढतो. म्हणून बाराच्या आत जायचे, दोनच्या आत परतायचे, असे मी सगळ्या गटांना सांगत आले. आमच्या डोक्यावर चांगले ऊन होते. फक्त दरीच्या टोकाशी, टिपरा हिमनदीच्या बाजूला, ढगांचा काळा पट्टा होता आणि त्याकडे मी पाहिले असूनही त्याचा अर्थ लावला नव्हता.

मी काकूंचा हात धरून पाण्याशी गेले, तेव्हा दाजू आमच्या आधी खाली उतरून काठावर बसले होते. त्यांनी तळहाताएवढा एक चपटा दगड उचलला आणि अर्धा पाण्यात, अर्धा कोरडा, असा रेतीत रोवला. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, “रुको. पानी का रंग देखो.”

मी पाहिले. हिमनदीच्या पाण्यात खडकाचे पीठ असते, त्याने पाणी दुधट-राखाडी दिसते. इथल्या नाल्यांचा हा नेहमीचा रंग आहे आणि त्याने कोणी घाबरत नाही. पण हे पाणी तपकिरी होते, आणि त्यात गवताची मुळे, पानांचा चोथा वाहत होता. याचा अर्थ वर कुठेतरी आत्ताच जोराचा पाऊस पडला होता आणि ताजी माती सुटून येत होती. दाजूंनी कानाशी बोट नेले. पाण्याच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता, जात्यातून आल्यासारखा, जड. तळातले दगड गडगडत होते. काही मिनिटांत चपटा दगड बुडाला. दाजूंनी दुसरा, वितभर वर ठेवला. तोही बुडाला.

पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, आणि गुडघाभर वेगवान पाणी धडधाकट माणसाला सहज आडवे करते, हे मी प्रत्येक गटाला सांगते. पण ऐन वेळी पलीकडे सांगायचे कसे? मोबाइलला तिथे रेंज नसते आणि नाल्याच्या गर्जनेत हाक दहा फुटांवर विरते. मी शिट्टी लांब फुंकली आणि दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले. सहायकाला खूण कळली. त्याने आठांना मागे, उंचावर नेले, पण सातच गेले. मॅरेथॉनवाला मुलगा काठावर बूट काढत होता.

त्याने बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ते गळ्यात अडकवले आणि तो पाण्यात उतरला. बूट भिजू नयेत म्हणून अनवाणी नाला ओलांडणे ही लोकांची सवय मोडता मोडत नाही. निसरड्या, हलत्या दगडांवर तळवा बधिर झाला की पाय कुठे पडतो आहे हेच कळेनासे होते; म्हणून बूट घालूनच उतरायचे, पिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवायचा, तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवायचे, आणि तिघांनी एकमेकांचे खांदे धरून एका वेळी एकानेच पाऊल उचलायचे. त्याने यातले काहीच केले नाही. तिसऱ्या पावलाला त्याच्या पायाखालचा दगड निघाला. तो एका हातावर पडला, पाणी छातीपर्यंत आले, एक बूट गळ्यातून निसटून नाहीसा झाला. मागून धावत आलेल्या सहायकाच्या हाती त्याच्या पिशवीचा पट्टा आला आणि त्याने त्याला फरपटत काठावर ओढले. हे सगळे घडायला फार तर सहा-सात सेकंद लागली असतील, आणि तेवढा वेळ मी पलीकडे नुसती उभी होते.

तो का उतरला, हे नंतर कळले. आम्ही थांबलेले पाहून त्याला वाटले की काकूंना पलीकडे यायला जमत नाहीये आणि कोणीतरी त्यांना आणायला जायला हवे.

पाऊस थोडक्यात आटोपला असावा. साडेबारानंतर पाणी ओसरू लागले, आणि दाजूंचे दगड एकेक करून पुन्हा वर आले. सर्वांत खालचा दगड दिसू लागला तेव्हा १.२० झाले होते. मगच दाजूंनी मान हलवली. सहायकाने तिघातिघांच्या टोळ्या करून सगळ्यांना अलीकडे आणले. मुलाच्या तळव्याला खोल काप गेला होता, तो मी धुऊन बांधला. परतायला तीन तास धरले तर निघण्याची वेळ झाली होती. काकूंनी मला विचारले, “थडगे इथून किती लांब आहे?” मी सांगितले, पंधरा मिनिटे. त्यांनी नाल्याकडे एकदा पाहिले आणि काठी उचलून परतीच्या वाटेला लागल्या. पलीकडे असूनही त्या आठांपैकी कोणी तिथपर्यंत गेले नव्हते. ते फुलांच्या उतारावर फोटो काढत बसले होते.

एका बुटाने आणि बांधलेल्या पायाने रानातला उतार उतरणे त्या मुलाला शक्य नव्हते. काकूंनी न विचारताच सांगितले, “कंडीत त्याला बसवा. मला धाप चढावर लागते, उतारावर नाही.” त्याने खूप आढेवेढे घेतले. दाजूंनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले, नाम्लोची लांबी वाढवली, आणि एवढेच म्हटले की दर वळणावर टोकमा लावीन, घाई करायची नाही. पुलाकडे उतरताना काकू पुढे चालत होत्या आणि तो धावपटू त्यांच्याकडे पाठ करून टोपलीत बसला होता. फाटकावरच्या नोंदवहीत आमच्या गटाची परतीची वेळ ४.४० अशी आहे.

घांघरियात आल्यावर आयोजकांना फोन केला, तेव्हा पहिला प्रश्न आला तो पुढच्या गटाला हे कळले आहे का, हा. मी लिहिलेले वेगळे पान, ज्यात दगड कोणत्या वेळी बुडाला आणि कोणत्या वेळी वर आला हे नोंदवले आहे, त्यांनी अहवालाला जोडले की नाही, ते मला अजून कोणी सांगितलेले नाही. कंडीवाल्यांचा उल्लेख त्या छापील कागदावर सामानाच्या रकान्यात येतो. त्या रकान्याच्या बाजूला जागा होती तेवढ्यात मी दाजूंनी काय केले ते लिहिले. आयोजकांना ही माणसे ओझे वाहणारी वाटतात, आणि एवढी वर्षे मलाही तसेच वाटत होते, हे लिहिताना माझा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी दाजूंना विचारले की नाल्याशी दगड रोवणे ते कधीपासून करतात. त्यांना प्रश्नच कळला नाही. “हर बार,” ते म्हणाले, “आपके साथ भी.” मग मला आठवले. मागच्या तिन्ही फेऱ्यांत, प्रत्येक नाल्याशी ते आमच्या आधी खाली उतरून वाकत असत. मला वाटे, ते पाणी प्यायला जातात.